अकरावीचं काय करायचं?

महाराष्ट्रात अकरावीचे गुण पुढे कुठेही धरले जात नाहीत. बारावीच्या गुणपत्रिकेवर ते येत नाहीत, पदवीच्या प्रवेशाला ते कुणी विचारत नाही. वार्षिक परीक्षा महाविद्यालय आपल्या पातळीवर घेतं, मुलं बारावीत जातात आणि वर्ष संपतं. दहावी संपवून नव्या इमारतीत, नव्या शाखेत आणि मराठी माध्यमातून आला असेल तर पुष्कळदा नव्या भाषेत शिरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचं हे वर्ष. त्याला सगळ्यात जास्त आधार याच वर्षी हवा असतो आणि नेमकं याच वर्षाला आपल्या रचनेत स्वतःचं असं काम नेमून दिलेलं नाही. ओस पडलेले वर्ग, क्लासची सद्दी, चुकलेल्या शाखा, भाषांची पीछेहाट या तक्रारी आपण वेगवेगळ्या करतो. मला त्यांचं मूळ एकाच ठिकाणी दिसतं: दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे तुकडे आपण कसे पाडले आणि त्यातला कुठला तुकडा मोजायचा ठरवलं, तिथे.

मंडळाच्या नियमांतच याचा पुरावा आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून, दहावीनंतर ठरावीक काळ गेलेला असेल तर, खासगी विद्यार्थी म्हणून थेट बारावीला बसता येतं. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी, लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या मुलींसाठी ही वाट फार मोलाची आहे आणि ती राहायलाच हवी. पण तिच्यावरून एवढं कळतं की प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेच्या हिशेबात अकरावी केली काय आणि न केली काय, सारखंच.

हे असं होण्याला इतिहास आहे. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला, त्यात मधल्या दोन वर्षांना स्वतंत्र प्रयोजन होतं. दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत अशी आयोगाची अपेक्षा होती. महाराष्ट्राने सत्तरच्या दशकाच्या मध्यात अकरावीची जुनी मॅट्रिक मोडून हा आकृतिबंध घेतला, तेव्हा ही दोन वर्षं 'कनिष्ठ महाविद्यालय' या नावाखाली बरीचशी पदवी महाविद्यालयांच्या आवारात गेली. कनिष्ठ म्हणजे वरिष्ठाच्या अलीकडचं. पहिल्यापासून या टप्प्याची ओळख पुढच्या टप्प्याची तयारी अशीच राहिली. किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले, द्विलक्ष्यी (बायफोकल) विषय आले; पण मुख्य रस्ता कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन शाखांचाच राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा सलग टप्पा मानला आहे. आपल्याकडे त्या टप्प्याच्या बरोबर मध्यावर शाळा बदलते, शिक्षक बदलतात, प्रवेशप्रक्रिया आडवी येते. धोरण सलग म्हणतं आणि इमारती ते सलग होऊ देत नाहीत.

त्या प्रवेशप्रक्रियेत मुलाला काय विचारलं जातं ते पाहावं. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली. मुलाने शाखा निवडायची, महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे आणि दहावीच्या टक्क्यांवर यादीत नाव लागायची वाट पाहायची. पण ज्या विषयांमधून निवड करायची त्यातले कितीतरी त्याने पाहिलेलेच नसतात. पुस्तपालन व लेखाकर्म, मानसशास्त्र, तर्कशास्त्र यांची शाळेत तोंडओळखही झालेली नसते. शाळेतलं विज्ञान आवडतं म्हणून विज्ञान शाखा घेतलेल्या मुलाला अकरावीचं भौतिकशास्त्र हा किती वेगळा प्रांत आहे हे दिवाळीपर्यंत कळतं. तोवर शुल्क भरलेलं असतं, क्लास लावलेला असतो, नातेवाइकांना सांगून झालेलं असतं. अकरावी विज्ञान करून बारावीला कला किंवा वाणिज्याकडे वळलेली मुलं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. त्यांच्या वळण्याला घरोघरी 'झेपलं नाही' असं म्हणतात. खरं तर त्या मुलाने एक विषय करून पाहिला आणि तो आपला नाही हे ओळखलं, ही या वयातली मोठी कमाई आहे. आपल्या रचनेत तिला एका वर्षाच्या नुकसानीचं रूप येतं.

आता अभ्यासक्रमाच्या आत शिरू. बालभारतीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. सदिश राशी आणि त्यांच्या मागोमाग कलनाची ओळख, म्हणजे विकलन आणि संकलन. पुढच्या गतीच्या प्रकरणांना त्याची गरज असल्यामुळे भौतिकशास्त्राच्या अंगाने ही मांडणी योग्यच आहे. पण त्याच मुलाच्या गणिताच्या पुस्तकात विकलन येतं ते दुसऱ्या भागातल्या शेवटच्या, नवव्या प्रकरणात: संच, फलने, सीमा, सांतत्य ही पायरी-पायरीची वाट चालून झाल्यावर. संकलन तर बारावीत. म्हणजे ज्या गोष्टीचा गणिताचे शिक्षक वर्षाच्या शेवटी नीट पाया घालणार, ती भौतिकशास्त्राचे शिक्षक पावसाळ्यातच सूत्र म्हणून हातात ठेवतात. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. विषय सुटासुटा, वर्ष आख्खं आणि प्रकरणांची रांग प्रत्येकाची आपली, अशी रचना असल्यामुळे दोघांना एकमेकांची वेळ पाळायची सक्तीच नाही. मुलाला मात्र वाटतं, आपलंच डोकं चालत नाही. तेही बहुधा पहिल्यांदाच इंग्रजीतून विज्ञान शिकताना.

ही पोकळी क्लासने भरली. नीट आणि जेईई या परीक्षा दोन्ही वर्षांचा अभ्यास धरतात. राज्याच्या एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासावर सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासावर ८० टक्के प्रश्न असतात. म्हणजे मंडळाच्या लेखी शून्य असलेल्या वर्षाला प्रवेशपरीक्षांच्या लेखी किंमत आहे. अशा वेळी पालक अकरावी कुणाच्या हाती सोपवतील? नाव एका महाविद्यालयात, दिवस क्लासमध्ये आणि दोघांमध्ये करार, ही 'इंटिग्रेटेड' पद्धत राज्यभर रुजली. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. हेतू चांगला होता. पण बोटाच्या ठशाने मूल वर्गात येऊन बसतं, त्याला तिथे काय मिळणार याचं उत्तर त्या यंत्रात नसतं. क्लास चालवणाऱ्यांवर राग काढून उपयोग नाही. त्यांनी प्रकरणांचा क्रम स्वतःच्या सोयीने लावला, दर आठवड्याला चाचणी ठेवली, मुलाला आपण कुठे आहोत ते लगेच सांगितलं. तुकडे लहान केले आणि प्रत्येक तुकडा मोजला. मात्र त्यांनी मोजलं ते बहुपर्यायी प्रश्नांच्या मापाने, ज्यात प्रयोग बसत नाही, निबंध बसत नाही, एखादी सिद्धता स्वतः लिहून पाहण्याची धडपड बसत नाही.

अकरावीला अचानक किंमत आली असं एकदा घडलं आहे. २०२१ मध्ये कोविडमुळे बारावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लावण्यासाठी ३०:३०:४० हे सूत्र ठरलं: दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीतल्या अंतर्गत कामाचे ४० टक्के. मुलांना अकरावीत असताना हे ठाऊक नव्हतं, शिक्षकांनाही नव्हतं. त्यातच त्या तुकडीची अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षा २०२० च्या टाळेबंदीत होऊ शकलेली नव्हती. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. त्या आणीबाणीत दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं आणि कुणाला दोष देण्याचा प्रश्न नाही. पण एका वर्षाच्या कामाची विश्वासार्ह नोंद ठेवायची सवय नसेल, तर गरज पडेल तेव्हा ती कागदावर उभी करावी लागते, हे तेव्हा दिसलं.

मग अकरावीचीही बोर्डाची परीक्षा घ्यावी, असा उपाय लगेच सुचतो. तो दक्षिणेत करून झाला आहे. तमिळनाडूत शाळा अकरावीचा अभ्यास गुंडाळून दोन्ही वर्षं बारावीचंच शिकवतात, म्हणून २०१७-१८ पासून अकरावीला सार्वजनिक परीक्षा आली. दुखणं अचूक ओळखलं होतं. पण मुलांना लागोपाठ तीन वर्षं दहावी, अकरावी, बारावी अशा तीन मोठ्या परीक्षा द्याव्या लागल्या. अकरावीचे गुण उच्च शिक्षणासाठी धरायचे नाहीत असं लवकरच ठरलं आणि २०२५ च्या राज्य शिक्षण धोरणात ती परीक्षाच काढून टाकण्यात आली. आंध्र आणि तेलंगणात इंटरमीजिएटच्या दोन्ही वर्षांना सार्वजनिक परीक्षा आहे, दोन्हींचे गुण धरले जातात. तरी निवासी कोचिंगचा सगळ्यात मोठा विळखा तिथेच आहे. अकरावीचे गुण धरले की क्लास मागे हटेल, या समजुतीला यातून काही आधार मिळत नाही.

इंग्लंडचा अनुभव आणखी बोलका आहे. तिथे २००० च्या सुधारणेनंतर ए लेव्हलचा, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीचा, प्रत्येक विषय साधारण सहा युनिटांत विभागला गेला. पहिल्या वर्षाची युनिटं मिळून एएस ही पात्रता होई आणि अंतिम निकालात तिचा निम्मा वाटा असे. जानेवारीत आणि उन्हाळ्यात परीक्षा, न जमलेलं युनिट पुन्हा द्यायची मुभा. कागदावर याहून माणुसकीची रचना सापडणं कठीण. पण प्रत्येक युनिटाला गुण आणि प्रत्येक गुणाला विद्यापीठप्रवेशाचं वजन असल्यामुळे शिकवण्याचे आठवडे परीक्षेच्या तयारीत जाऊ लागले, पुन्हा परीक्षा देण्याची सवय जडली आणि पहिल्या युनिटात शिकलेलं शेवटपर्यंत धरून ठेवण्याचं कारण उरलं नाही. मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना ही पद्धत मोडायचं ठरलं. २०१५ पासून एएस वेगळं झालं आणि दोन वर्षांच्या शेवटी एकच परीक्षा परत आली. मला हा निर्णय पूर्ण पटत नाही, कारण त्यामुळे मधल्या टप्प्यावर थांबून वाट बदलण्याची सोय गेली. पण ज्या दुखण्यावर तो होता ते दुखणं खरं होतं. तुकडे लहान करणं चांगलं. प्रत्येक तुकड्यावर मुलाचं भवितव्य टांगणं वाईट. सीबीएसईने २०२१-२२ मध्ये दोन सत्रांचा प्रयोग एका वर्षात सोडला. पश्चिम बंगालने २०२४-२५ पासून चार सेमिस्टर आणली आहेत, त्यातली पहिली आणि तिसरी बहुपर्यायी. या प्रयोगांकडे पाहताना मी आता एकच गोष्ट तपासतो: तुकडे मोजले कशासाठी, निवडण्यासाठी की शिकण्यासाठी?

हा फरक नीट सांभाळलेला मला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात दिसतो. तिथे अकरावी-बारावीचा प्रत्येक विषय चार युनिटांत बांधलेला असतो आणि प्रत्येक युनिटाला अध्यापन व मूल्यमापन धरून सुमारे ५५ तास गृहीत असतात. पहिली दोन युनिटं अकरावीत, पुढची दोन बारावीत. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी जी क्रमवारी लागते तिच्यात फक्त तिसरं आणि चौथं युनिट धरलं जातं. म्हणजे गुणांच्या हिशेबात तिथलीही अकरावी शून्यच. पण शालान्त प्रमाणपत्रासाठी २० श्रेयांक लागतात आणि पहिलं युनिट समाधानकारक पूर्ण केलं की एक, दुसरं केलं की एक असे ते मिळत जातात. शेवटच्या जोडीला दोन. पहिल्या दोन युनिटांचं मूल्यमापन शाळाच करते आणि राज्याच्या मंडळाला फक्त समाधानकारक की नाही एवढं कळवते. कुणाचे ९२ आणि कुणाचे ६८ हे तिथे कुणाला सांगायचंच नसतं. मूल एखाद्या विषयाचं एक युनिट करून दुसऱ्या विषयाकडे वळलं, तर केलेल्या कामाचा श्रेयांक त्याच्या खाती राहतो.

बारावीतही सगळा भार एका दुपारवर नसतो. तीन मूल्यमापनं शाळेतली असतात, एक बाहेरची परीक्षा. बहुतेक विषयांत या परीक्षेला २५ टक्के वजन, गणित आणि विज्ञानात ५० टक्के. शाळेतल्या मूल्यमापनाचा आराखडा वापरण्याआधी मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि गुण दिल्यावर नमुन्याला काही मुलांचं काम मंडळ पुन्हा तपासतं. शिक्षकावर विश्वास आहे, पण तो डोळे मिटून ठेवलेला नाही.

क्वीन्सलंडची शाळा उचलून परभणीत आणता येणार नाही, हे उघड आहे. तिथली वर्गसंख्या, शिक्षकांचं वेतन, विद्यापीठातल्या जागा, सगळं वेगळं. घ्यायचं आहे ते तत्त्व: अकरावीला गुण नकोत, पण पूर्तता हवी. प्रत्येक विषयाची अकरावी अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या दोन युनिटांत बांधावी. युनिटाच्या शेवटी मुलाने ठरलेलं काम करून दाखवलेलं असावं: चार प्रयोग स्वतः करून त्यांची जर्नल, एका दुकानाच्या व्यवहारांचं खतावणीपर्यंतचं लेखन, गावातल्या एखाद्या प्रश्नावर पाहणी करून लिहिलेला अहवाल. त्यावर पूर्ण किंवा अपूर्ण एवढाच शेरा. अपूर्ण राहिलं तर पुढच्या सहामाहीत पूर्ण करायची संधी. बारावीच्या गुणपत्रिकेवर पूर्ण केलेल्या युनिटांची यादी छापलेली असावी आणि ठरावीक युनिटं पूर्ण असल्याशिवाय प्रमाणपत्र मिळू नये. सतरा नंबरवाल्यांना ती युनिटं आपल्या सोयीने, नोकरी सांभाळून, दोन-तीन वर्षांत विखरून करता यावीत. त्यांना तर ही रचना सध्याच्या एकरकमी परीक्षेपेक्षा सोयीची पडेल.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला माहीत आहे. आजच विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे ३० आणि भाषेच्या तोंडी परीक्षेचे २० गुण कसे वाटले जातात ते आपण पाहतो. उद्या पूर्ण हा शेराही तसाच वाटला जाईल. ही भीती खोटी नाही. पण आज ते गुण फुगतात याचं कारण ते टक्केवारीत मिळवले जातात आणि आपल्या मुलाचं नुकसान का करायचं असं प्रत्येक शिक्षकाला वाटतं. पूर्ण या शेऱ्याने कुणाची टक्केवारी वाढत नाही, दुसऱ्या महाविद्यालयातल्या मुलावर मात होत नाही. फुगवण्याचं एक मोठं कारण तिथे संपतं. उरतो तो निष्काळजीपणा, आणि त्यासाठी नमुना तपासणी हवी. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत, उत्तरपत्रिकांच्या नियमनाचा अनुभव असलेले शिक्षक त्यांच्याकडे आहेत. प्रत्येक महाविद्यालयातून काही मुलांचं मूळ काम मागवायचं आणि ते खरंच झालं आहे का एवढंच पाहायचं, हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं नाही.

युनिटं लहान झाली की गणित आणि भौतिकशास्त्राची वेळही जुळवता येईल. पहिल्या युनिटात गणिताने फलन, सीमा आणि विकलनाची प्राथमिक ओळख करून द्यावी, भौतिकशास्त्राने त्याच महिन्यांत मापन, सदिश आणि प्रयोगशाळेची शिस्त घ्यावी, आणि गती दुसऱ्या युनिटात यावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला नव्या परिभाषेत रुळायला तेवढाच अवधी मिळेल. आज त्याला तो कुणीच देत नाही.

आणि मराठीचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीचं असतं; दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, नाहीतर २०० गुणांचा द्विलक्ष्यी विषय घेतला की दुसरी भाषा सुटतेच. गुण हमखास, अभ्यास कमी, म्हणून हजारो मुलं अकरावीच्या उंबरठ्यावर मराठी सोडतात. त्यांना मराठी नकोशी असते असं मी मानत नाही. आपल्याकडे निवडीचं सगळ्यात लहान माप आख्खा विषय आणि पूर्ण दोन वर्षं हे आहे. प्रवेशपरीक्षेच्या ओझ्याखालच्या मुलाला तेवढी मोठी रक्कम परवडत नाही. अकरावीच्या मराठीच्या 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकात उपयोजित मराठीचा जो विभाग आहे, त्यात सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद, अनुदिनी लेखन, रेडिओजॉकी असे घटक आहेत. बारावीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. पुढे डॉक्टर होणाऱ्या मुलीला रुग्णासाठी माहितीपत्रक लिहिता येणं, इंजिनिअर होणाऱ्या मुलाला तांत्रिक मजकुराचा मराठी अनुवाद करता येणं, ही कामं त्यांना आयुष्यभर पुरणारी आहेत. अनुवाद आणि माहितीपत्रक मिळून ५० तासांचं एक सुंदर युनिट होईल. आज ते घ्यायचं तर संपूर्ण मराठी विषय घ्यावा लागतो, म्हणून कुणीच घेत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अकरावी-बारावीला दोन भाषा सुचवल्या आहेत, त्यातली किमान एक भारतीय, आणि उरलेले विषय किमान दोन गटांमधून. सुचवणं ठीक; पण माप तेच राहिलं तर दुसरी भाषाही टक्केवारीसाठीच निवडली जाईल.

शाखांच्या भिंतीही याच मापाने टिकून आहेत. मंडळाच्या यादीत विषय पुष्कळ असतात, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मात्र पाच-सहा ठरलेल्या जोड्याच दिसतात. प्राचार्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांची अडचण संचमान्यतेत आहे. शिक्षकाचं पद मंजूर होतं ते विद्यार्थिसंख्या आणि विषयाचा कार्यभार पाहून. एका तुकडीतल्या बारा मुलांना तर्कशास्त्र हवं असेल, तर त्यांच्यासाठी पद मिळत नाही आणि तासिका तत्त्वावर माणूस नेमायचा तर पैसा नाही. अनुदानित महाविद्यालयात ही कोंडी आहे. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित ठिकाणी तर जे खपतं तेवढंच शिकवलं जातं. लहान गावात, जिथे एका शाखेची एकच तुकडी आहे, तिथल्या मुलाला निवड हा शब्द ऐकूनच माहीत असतो. म्हणून कार्यभार मोजण्याचं एककही बदलावं लागेल. तो वर्षाच्या विषयाऐवजी अर्धवर्षाच्या युनिटावर मोजला, तर शेजारच्या दोन गावांतली महाविद्यालयं मिळून तर्कशास्त्राचा एक शिक्षक पहिल्या सहामाहीत इथे आणि दुसऱ्या सहामाहीत तिथे वापरू शकतील. मराठीच्या ज्या शिक्षकाचे तास माहिती तंत्रज्ञानामुळे गेले आणि जो आज अतिरिक्त ठरण्याच्या भीतीत आहे, त्याच्या वर्गात विज्ञानाच्या तुकडीतली मुलं अनुवादाच्या युनिटासाठी येऊन बसू शकतील. त्यासाठी शासनाला नवी पुस्तकं छापावी लागणार नाहीत. संचमान्यतेचा निकष मात्र आधी बदलावा लागेल.